काउन्सिलची डे सेंटरची गाडी: कागदावर असेल तेच दारात येतं

इंग्लंडमध्ये आईवडिलांसाठी डे सेंटर (वृद्ध किंवा अपंग माणसांनी दिवसा जाऊन राहायची जागा) ठरवताना घरचे लोक सेंटर बारकाईने बघतात. तिथे नेणारी-आणणारी गाडी बहुधा काउन्सिल, म्हणजे स्थानिक प्रशासन, ठरवतं. जेवण काय असतं, कर्मचारी किती आहेत, बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का. गाडी मात्र कोणी बघत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस, जाऊन-येऊन दीड-दोन तास माणूस त्या गाडीत बसतो, आणि तो सेंटरला जायला नाही म्हणू लागला तर कारण अनेकदा गाडीतच सापडतं. म्हणून हे परीक्षण फक्त गाडीचं.

निकाल आधीच सांगायचा तर, ड्रायव्हरसोबत मदतनीस असलेली लिफ्टची मिनीबस ही सगळ्यांत उत्तम सेवा. स्मृतिभ्रंश असलेल्यांना आणि व्हीलचेअरवर बसूनच प्रवास करणाऱ्यांना तिच्या तोडीचं दुसरं काही नाही. काउन्सिलने ठरवून दिलेली टॅक्सी काही जणांनाच मानवते. पैसे हातात घेऊन स्वतः सोय करणं हिशेब जुळला तरच. पण यातली कुठलीही सेवा चांगली निघेल की वाईट, हे केअर प्लॅनमध्ये (काउन्सिलने लिहून दिलेल्या मदतीच्या आराखड्यात) प्रवासाबद्दल काय लिहिलंय यावर सर्वांत जास्त ठरतं. रूट आखणारा माणूस तुमच्या आईंना कधी भेटलेला नसतो. त्याच्यासमोर एक फॉर्म असतो आणि त्यावरून तो गाडी, सीट, वेळ आणि मदतनीस ठरवतो.

असेसमेंटच्या दिवशी

सुरुवात केअर अ‍ॅक्ट २०१४ खालच्या असेसमेंटपासून, म्हणजे काउन्सिलने केलेल्या गरजांच्या पाहणीपासून, होते. (वेल्स आणि स्कॉटलंडचे कायदे वेगळे आहेत. इथलं सगळं इंग्लंडपुरतं.) शारीरिक किंवा मानसिक आजारामुळे ठरवून दिलेल्या दहा गोष्टींपैकी दोन किंवा जास्त जमत नसतील आणि त्याचा माणसाच्या जगण्यावर ठळक परिणाम होत असेल, तर गरज पात्र ठरते. सार्वजनिक वाहनांसकट परिसरातल्या सोयी वापरता येणं ही त्या दहांतली एक. ‘जमत नाही’चा अर्थही कायद्याने बराच मोकळा ठेवलाय. दुसऱ्याच्या मदतीशिवाय होत नसेल, होतं पण वेदना किंवा घाबरणं वाट्याला येत असेल, स्वतःला किंवा इतरांना धोका असेल, किंवा नेहमीपेक्षा खूपच वेळ लागत असेल, तर ते जमत नाही असंच धरायचं. त्यामुळे ‘बसने जाऊ शकतात का?’ या प्रश्नाला ‘हो, पण हळूहळू’ हे उत्तर घातक आहे. किती पावलांवर थांबावं लागतं, बस हलली की तोल जातो का, उतरायचा स्टॉप आठवतो का, हे सांगा.

पुढचा प्रश्न हमखास येतो: ‘मुलगा किंवा सून सोडू शकेल का?’ आपल्या घरात याचं उत्तर तोंडातून आपोआप निघतं: ‘हो हो, आम्ही बघू.’ घरी आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं! ते वाक्य फॉर्मवर उतरलं की गाडी गेली म्हणून समजा. नियम असा की गरज पात्र आहे की नाही हे ठरवताना घरचे काय करतात ते जमेस धरायचंच नाही. प्लॅन बनवताना ते बघतात, पण घरचा माणूस करायला तयार असेल आणि त्याला ते शक्य असेल तरच. नऊची ड्यूटी, स्वतःची पाठ, शाळेत सोडायचं मूल, हे सगळं सांगण्यासारखं आहे. काळजी घेणाऱ्याचं वेगळं असेसमेंट हा त्याच कायद्यातला हक्क आहे, तोही मागा.

मग पीआयपीचा, म्हणजे अपंगत्वासाठीच्या सरकारी भत्त्याचा मुद्दा. त्यातला मोबिलिटीचा (फिरण्या-प्रवासासाठीचा) भाग मिळतोय किंवा त्या पैशांच्या बदल्यात भाड्याने मिळणारी मोटॅबिलिटीची गाडी आहे, तेव्हा प्रवासाचं तुम्हीच बघा, असं अनेक काउन्सिलांच्या धोरणात असतं. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. शुल्क ठरवण्याच्या आर्थिक हिशेबात मोबिलिटीचा भाग उत्पन्न म्हणून धरता येत नाही, याबद्दल नियम स्पष्ट आहे. गरज भागली का, हा वेगळा प्रश्न. दारात गाडी उभी आहे, पण चालवणारा त्या वेळी कामावर असेल तर गरज भागलेली नाही. आणि पेन्शनच्या वयानंतर पहिल्यांदाच अर्ज केलेल्यांना पीआयपीऐवजी अटेंडन्स अलाउन्स हा भत्ता मिळतो, त्यात मोबिलिटीचा भाग मुळातच नसतो. तरीही ‘तुमच्या मोबिलिटीच्या पैशातून सोय करा’ असं साचेबंद पत्र आलं, तर त्याच दिवशी लेखी कळवा.

इंग्रजी अवघड जात असेल तर काउन्सिलकडे दुभाषी मागा. मुलाने भाषांतर करण्यात एक मोठा तोटा आहे. आई मराठीत सांगतात की गाडीत अर्ध्या तासावर लघवी आवरत नाही, आणि मुलगा संकोचाने नेमकं तेच गाळतो. प्रवासाची कमाल वेळ ज्या एका माहितीवरून ठरली असती, ती फॉर्मवर येतच नाही.

ती एक ओळ

प्लॅनमध्ये नुसतं ‘सेंटरला जाण्यासाठी वाहतूक लागेल’ एवढंच असेल, तर त्यातून काहीही येऊ शकतं, अगदी उंच सीटची टॅक्सीसुद्धा. लिहून घ्यायचं ते असं. घराला बाहेर किती पायऱ्या आहेत आणि आधार कुठल्या बाजूने लागतो. चालत जाऊन सीटवर बसणार की व्हीलचेअरमध्येच राहणार. व्हीलचेअरचं मॉडेल, रुंदी, लांबी, वजन. मदतनीस हवा असेल तर का: बेल्ट सोडतात, चालत्या गाडीत उठतात, फिट येते. सलग किती मिनिटं बसवतं. परत आल्यावर कोणाच्या हाती सोपवायचं, त्यांची दोन नावं आणि दोन फोन नंबर. ऑक्सिजन सिलिंडर सोबत असेल तर तेही, कारण तो गाडीत बांधून ठेवण्याची सोय लागते.

मदत कुठून कुठपर्यंत, हे तर शब्दशः लिहून घ्यायला हवं. ‘कर्ब टू कर्ब’ म्हणजे गाडी फुटपाथला लागणार, पुढचं तुमचं. ‘डोअर टू डोअर’ म्हणजे दारापर्यंत येणार. दाराच्या आत येऊन कोट चढवणं, गॅस बंद आहे का बघणं, किल्ली लावणं ही तिसरी पायरी आहे आणि ती मागितल्याशिवाय मिळत नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाला तिसरीच लागते.

भाषेसाठी एक साधा उपाय चालतो. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर पाच-सहा मराठी शब्द, त्यांचे इंग्रजी उच्चार आणि अर्थ लिहून मदतनिसाकडे द्यायचे: पाणी, दुखतंय, थांबा, थंडी वाजते, बाथरूमला जायचंय. स्मृतिभ्रंश वाढत जातो तसं नंतर शिकलेलं इंग्रजी आधी गळून पडणं नेहमीचं आहे. ‘लागलीय’ हा शब्द कार्डावर वेगळा समजावून लिहा. भूक, तहान आणि लघवी या तिन्हींसाठी आपण तो एकच शब्द वापरतो, आणि नवख्या मदतनिसाने पाण्याची बाटली पुढे केली तर हाल होतात.

मिनीबस जवळून

चांगली मिनीबस ओळखायची ती मागच्या बाजूने. लिफ्टवर कमाल वजनाची पाटी असते. जुन्या लिफ्टवर ३०० किलो, नव्यांवर त्याहून जास्त. इलेक्ट्रिक व्हीलचेअर १३० किलोची, बसलेला माणूस ८० किलोचा आणि सोबत उभा मदतनीस ७५ किलोचा धरला तर २८५ होतात. ३०० च्या लिफ्टवर जेमतेम मावतं, आणि व्हीलचेअरला मागे सामानाची जड पिशवी लटकवली की गणित बिघडतं. ‘आज लिफ्ट उचलत नाही’ याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. माणसांना उचलणाऱ्या लिफ्टची एलओएलईआर या उचलण्याच्या यंत्रांबद्दलच्या १९९८ च्या नियमांनुसार दर ६ महिन्यांनी कसून तपासणी करावी लागते. शेवटची तारीख विचारायला लाजू नका. व्यवस्थित चालणारी संस्था ती लगेच दाखवते.

आत गेल्यावर व्हीलचेअरचं तोंड पुढे किंवा मागे असावं, आडवी व्हीलचेअर कधीही नाही. बांधायची पद्धत ठरलेली आहे. आधी पुढचे दोन पट्टे, मग मागचे दोन, आणि शेवटी मागचे ताणून घट्ट करायचे. पट्ट्यांचे हूक व्हीलचेअरच्या मुख्य सांगाड्याला लागतात. चाकं, पाय ठेवायची पट्टी किंवा निघणारे हात यांना लावलेला पट्टा जोरात ब्रेक लागला की त्या भागासकट निखळतो. क्रॅश टेस्ट झालेल्या व्हीलचेअरवर हूक कुठे अडकवायचा ते दाखवणारं हुकाचं चिन्ह असतं. चिन्ह नसेल तर उत्पादकाच्या पुस्तिकेत वाहनातल्या वापराबद्दल काय लिहिलंय ते आधीच शोधून ठेवा. इलेक्ट्रिक असेल तर स्विच बंद करायचा.

एवढं झालं तरी अर्धंच काम झालं. हे चार पट्टे खुर्चीला धरतात, माणसाला नाही. माणसासाठी कमरेचा आणि खांद्यावरून येणारा वेगळा बेल्ट गाडीलाच जोडलेला असतो. व्हीलचेअरचा स्वतःचा पट्टा फक्त नीट बसवून ठेवण्यासाठी असतो, अपघातात त्याचा भरवसा धरायचा नाही. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे कमरेचा बेल्ट व्हीलचेअरच्या हातांवरून घेणं. मग तो पोटासमोर अधांतरी राहतो आणि धक्का बसला की माणूस त्याखालून घसरतो. बेल्ट हातांच्या खालून, मांडी आणि पोट मिळतात तिथे, हाडाला टेकून गेला पाहिजे. थंडीत जाड कोट असेल तर पुढचा भाग उघडून बेल्ट आतून घ्यावा लागतो. साडी असेल तर पदर मांडीवर गुंडाळून खोचायचा आणि निऱ्या घोट्याच्या वर ठेवायच्या. पदर लिफ्टच्या फटीत किंवा मागच्या चाकात अडकणं ही गोष्ट इथल्या मदतनिसाला सुचत नाही, आपणच दाखवून द्यायची.

हे सगळं व्यवस्थित करायला एका व्हीलचेअरमागे ५ ते ७ मिनिटं लागतात. चार व्हीलचेअर असल्या की नुसत्या चढवण्यात जवळपास अर्धा तास. ड्रायव्हर दोन मिनिटांत आटपतोय असं दिसलं तर खूश होऊ नका, कुठलातरी पट्टा राहिलाय.

मिनीबसची खरी दुखणी दोन. पहिलं, रूटवर जो सर्वांत आधी चढतो तो सर्वांत लांबचा प्रवास करतो, आणि संध्याकाळी तोच शेवटी उतरला तर दोन्ही वेळा त्याच्याच माथी बसतं. संध्याकाळचा क्रम उलटा करून मागा. बऱ्याच ठिकाणी तो फक्त मागितला नाही म्हणून बदललेला नसतो. दुसरं दुखणं वेळेचं. सेंटरचा दिवस दहाला सुरू होऊन तीनच्या आसपास का संपतो, असं विचारलं जातं. अनेक ठिकाणी तीच गाडी आणि तोच ड्रायव्हर सकाळी आधी विशेष गरजा असलेल्या मुलांना शाळेत सोडतो, मग डे सेंटरचा रूट करतो, आणि दुपारी पुन्हा शाळा सुटायच्या आत मोकळा व्हावा लागतो. शाळेपाशी वीस मिनिटं गेली की तुमच्या दारात गाडी वीस मिनिटं उशिरा. शाळांना सुट्टी असली की हीच सेवा एकदम वक्तशीर होते. म्हणून नव्या रूटची परीक्षा सुट्टीच्या आठवड्यात घेऊ नका.

ड्रायव्हर मिळत नाहीत त्यालाही ठोस कारण आहे. १ जानेवारी १९९७ च्या आधी कारची परीक्षा पास झालेल्यांच्या लायसन्सवर मिनीबसचा डी-१ वर्ग आपोआप आला. नंतरच्यांना पगारी मिनीबस चालवायची तर साधारणपणे वेगळी परीक्षा द्यावी लागते. जुने लोक सत्तरीला पोचले की तो वर्ग टिकवायला वैद्यकीय तपासणी लागते, आणि अनेक जण तिथे थांबतात. आजारपणाच्या बदलीला म्हणूनच अनोळखी ड्रायव्हर येतो. त्याच्या हाती तुमच्या माणसाचा कागद आहे ना, एवढं सकाळी विचारा.

टॅक्सी, कम्युनिटी ट्रान्सपोर्ट, बसपास

काउन्सिलने कंत्राटावर दिलेली टॅक्सी स्वतः चालणाऱ्या, बोलून सांगू शकणाऱ्या माणसाला मिनीबसपेक्षा सुखाची जाते. थेट रस्ता, वीस मिनिटांत सेंटर. पण ड्रायव्हर एकटाच असतो. तो गाडी चालवताना मागे कोणी बेल्ट सोडला तर काही करू शकत नाही. कंत्राट नव्या कंपनीला गेलं की चेहरे बदलतात, आणि ज्यांना ओळखीच्या चेहऱ्यावरच गाडीत बसवतं त्यांची घडी तिथे मोडते. नियमित ड्रायव्हर तोच राहील असं प्लॅनमध्ये लिहून घेता येतं, कारणासकट. इक्वालिटी अ‍ॅक्टमध्ये २०२२ साली झालेल्या बदलांनंतर टॅक्सी आणि प्रायव्हेट हायर ड्रायव्हरना अपंग प्रवाशाला वाजवी मदत करणं बंधनकारक आहे आणि त्याचे जादा पैसे घेता येत नाहीत.

कम्युनिटी ट्रान्सपोर्ट म्हणजे ना-नफा संस्थांच्या मिनीबस, ट्रान्सपोर्ट अ‍ॅक्ट १९८५ च्या कलम १९ च्या परमिटवर चालणाऱ्या. माणसं आपुलकीची, ड्रायव्हर बहुधा ‘मिडास’ या मिनीबस ड्रायव्हरांसाठीच्या योजनेचं प्रशिक्षण घेतलेले. उणीव एकच: गाड्या मोजक्या. एक बंद पडली की तुमचा दिवस गेला.

बसपास फुकट आहे, पण इंग्लंडचा राष्ट्रीय पास सोमवार ते शुक्रवार सकाळी ९:३० नंतरच चालतो. स्थानिक काउन्सिलने सूट वाढवली असेल तरच त्याआधी. सोबत्याचा पासही स्थानिक मर्जीवर. बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणांना एकट्याने बस वापरायचं प्रशिक्षण देतात, आणि ते काही आठवडे मन लावून दिलं तर त्या माणसाचं जग खरंच मोठं होतं. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला मात्र हा पर्याय कोणी सुचवला तर ठाम नाही म्हणा.

पैशांचा हिशेब

डायरेक्ट पेमेंट, म्हणजे सेवेऐवजी काउन्सिलकडून पैसे, घेऊन स्वतः सोय करायची तर रक्कम ठरवण्यापूर्वी खरे आकडे मागवा. समजा, एका फेरीला टॅक्सी १४ पौंड घेते. दिवसाच्या दोन फेऱ्या म्हणजे २८, आठवड्यातून तीन दिवस म्हणजे ८४ पौंड. काउन्सिलने ठरवलेली रक्कम ६० असेल, तर दर आठवड्याला २४ पौंड खिशातून. स्थानिक कंपनीचं लेखी दरपत्रक जोडलं की ही तफावत असेसमेंटमध्येच दाखवता येते. गरज भागेल एवढी रक्कम देणं काउन्सिलवर बंधनकारक आहे.

काउन्सिलची गाडी बहुतेक ठिकाणी फुकट नसते. कुठे दर फेरीला ठरावीक शुल्क, कुठे ते केअरच्या एकूण शुल्कात मिळवलेलं. आपलं शुल्क आर्थिक मूल्यमापनात धरलंय की बाहेर, हे लेखी विचारा. बचत २३,२५० पौंडांच्या वर असेल तर सहसा पूर्ण खर्च स्वतःचा, १४,२५० च्या खाली असेल तर बचतीला हात लावत नाहीत, आणि मधल्या टप्प्यात दर २५० पौंडांमागे आठवड्याला १ पौंड उत्पन्न धरतात. अपंगत्वामुळे होणारा जादा खर्च या हिशेबातून वजा करून घ्यायचा असतो, आणि सरकारी मार्गदर्शनात डे सेंटरच्या प्रवासाचा खर्च त्यात नावासकट आहे, मोबिलिटीच्या भागाच्या वर जो होईल तेवढा. पण पावत्या लागतात. टॅक्सीवाल्याकडून दर आठवड्याला एक पावती घ्या.

गैरहजेरी आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवली नाही तर फेरीचं शुल्क लागू शकतं. शिवाय सेंटरला कळवलं म्हणजे गाडीला कळलं असं नाही, दोन्हीकडे वेगळा फोन करावा लागतो. संध्याकाळी दारात कोणी नसेल तर ड्रायव्हर माणसाला एकटं सोडून जाणार नाही. तो फोन करेल, रूट पुढे नेईल, आणि तरी कोणी नाही सापडलं तर सेंटरला परत नेईल किंवा सोशल सर्व्हिसेसना कळवेल. हे बरोबरच आहे. पण गाडीतल्या इतरांचा तेवढा वेळ जातो, म्हणून दुसरा फोन नंबर शेजाऱ्यांचा ठेवा, एकाच ऑफिसात काम करणाऱ्या नवरा-बायकोचे दोन नंबर नकोत.

गाडी बंद करण्याचं पत्र आलं तर

अलीकडे ही पत्रं वाढली आहेत, आणि पहिल्या वाचनात ती निर्णयासारखी वाटतात. कितीतरी घरं तिथेच हार मानतात. काउन्सिलला दोन मार्गांतला स्वस्त निवडता येतो, पण पात्र गरज उघडी ठेवता येत नाही, आणि माणसाला विश्वासात घेऊन प्लॅनचं पुनरावलोकन केल्याशिवाय त्यातली सेवा काढूनही घेता येत नाही. उत्तरात तीनच गोष्टी विचारा: पुनरावलोकन कोणत्या तारखेला झालं, त्याची प्रत कुठे आहे, आणि अमुक तारखेपासून सकाळी साडेनऊला आईंना सेंटरला कोण नेणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाव आणि वाहनासकट मागा. निर्णय होईपर्यंत गाडी चालू ठेवा असंही त्याच पत्रात लिहा. तक्रार केल्यास ३ कामकाजाच्या दिवसांत पोच मिळायला हवी. काउन्सिलचं उत्तर पटलं नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे (काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे) जाता येतं. तिथे पैसे लागत नाहीत, पण गोष्ट कळल्यापासून साधारण १२ महिन्यांच्या आत जावं लागतं. सोबत जोडायला सर्वांत उपयोगी कागद म्हणजे साधी वही: तारीख, गाडी किती वाजता आली, किती वाजता पोचली, मदतनीस होता की नाही. चार आठवड्यांच्या अशा नोंदी हातात असल्या की ‘कधीतरी उशीर होतो’ असं म्हणून विषय मिटवता येत नाही.